यंदा शोफार रविवारी

श्रोतेहो, नमस्कार आणि शालोम.

बेने इस्राएल, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या ज्यू घरांत ज्याला नव्याचा सण म्हणतात तो रोश हाशाना, हिब्रू नववर्षाचा सण, यंदा शुक्रवारी, ११ सप्टेंबर २०२६ ला, सूर्य मावळला की लागेल. शनिवार-रविवार, १२ आणि १३ तारीख, हे सणाचे दोन दिवस. हिब्रू वर्ष ५७८७. सोमवारी १४ ला गणपती बसतील. गेल्या वर्षी हाच सण घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी आला होता. आपलं आणि हिब्रू, दोन्ही पंचांगं चंद्राची, दोन्हींत अधिक महिना, फक्त तो धरायची वर्षं वेगळी. यंदा आपल्याकडे अधिक ज्येष्ठ येऊन गेला आणि गणपती पुढे सरकले. हिब्रू पंचांगातला अधिक अदार अजून यायचाय, तो २०२७ मध्ये. म्हणून या खेपेला नववर्षाच्या तिश्री महिन्याची पहिली तारीख आणि भाद्रपदातली प्रतिपदा एकाच दिवशी पडली आहे. सिनेगॉगला जायचं ठरवताना विसर्जनाच्या तारखा शेजारी मांडूनच बसा.

पण गर्दीपेक्षा महत्त्वाचा आहे तो वार. सणाचा पहिला दिवस शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आला की त्या दिवशी शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजवत नाहीत. शोफार हातात घेऊन कुणी रस्त्यानं निघेल आणि शब्बाथला वस्तू वाहून नेण्याचा नियम मोडेल, म्हणून जुन्या हाखामांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, घातलेली ही मनाई आहे. अनेकजण दोन दिवसांपैकी पहिलाच दिवस धरतात, शोफार ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात. यंदा तसं केलंत तर शोफार कानावर पडणारच नाही. एकाच दिवशी जमणार असेल तर रविवारी या.

वाजवणाऱ्यांनी तयारी आत्तापासून करावी, कारण सगळं एकाच सकाळी उरकायचं आहे. तेकिया म्हणजे एक सरळ लांब सूर, शेवारीम म्हणजे तीन तुटक, आणि तेरुआ म्हणजे बारीक नऊ ठोके. कमीत कमी तीस सूर हवेतच, आणि बहुतेक ठिकाणी प्रार्थनेच्या अधूनमधून मिळून शंभर होतात. गाल फुगवून जोर लावला की सूर फुटतो आणि विसाव्या-पंचविसाव्या सुराला ओठ थकतात. ओठ घट्ट आवळून, तोंडाच्या कोपऱ्यातून हवा सोडायची सवय लावा. मध्ये शिंगात लाळ साचते, ती झटकून टाका. दुसरा वाजवणारा शेजारी तयार ठेवा आणि शिंगाला चीर गेलेली नाही ना हे आजच उजेडात धरून बघा. लांबीच्या दिशेनं गेलेली चीर सगळ्यांत वाईट. घरी अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर प्रार्थना चालवणाऱ्या हाझानसाहेबांना किंवा सिनेगॉगची व्यवस्था बघणाऱ्या शमाशना आधी सांगून ठेवा. रविवारी सूर्यास्तापर्यंत, म्हणजे साधारण पावणेसातच्या आत, कुणीतरी घरी येऊन तीस सूर ऐकवून जाऊ शकतं.

आता स्वयंपाकघर. एरवी सणाच्या दिवशी पेटत्या विस्तवावर रांधायला मोकळीक असते. शब्बाथला ती नाही. त्यामुळे शुक्रवार रात्रीचं आणि शनिवारचं सगळं जेवण शुक्रवारी दुपारीच तयार हवं, आणि रविवारसाठी शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत भांड्याला हातही लावायचा नाही, साधी कोशिंबीर चिरून ठेवायची नाही. मुंबईत शुक्रवारी दिवे लावायची वेळ सहा पंचविसच्या आसपास येते. दुसऱ्या रात्रीचे दिवे मात्र चांदण्या दिसल्यावर, आधीपासून जळत असलेल्या ज्योतीवरूनच लावायचे. म्हणजे शुक्रवारी लावलेला एक दिवा निदान सव्वीस तास टिकायला हवा. काचेच्या पेल्यात खाली पाणी आणि वर तेल अशी पद्धत असेल तर या वेळी पाणी कमी घ्या, तेल जास्त. ज्योत पाण्याला टेकली की चरचरते आणि विझते. असा दिवा गुरुवारी एकदा जाळून बघणाऱ्याची शनिवारी पंचाईत होत नाही.

चिकाचा हलवा घरी करणाऱ्यांनी गहू सोमवारी ७ तारखेलाच भिजत घालावेत. तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. एक दिवस जरी विसरलात तरी आंबूस वास धरतो आणि तो साखरेनं झाकत नाही. वाटून, पिळून, फडक्यातून गाळून रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी हलकेच ओतून टाका. एक वाटी चिकाला पाच वाट्या नारळाचं दूध आणि दीड ते दोन वाट्या साखर, चिमूटभर मीठ. दूध गाईम्हशीचं नको, कारण सणाच्या जेवणात मटण असतं आणि मांसाबरोबर दूध चालत नाही. सगळं गार असतानाच एकजीव करून मग विस्तवावर चढवा. गरम दुधात चीक ओतला की गुठळ्या ठरलेल्या. मंद आचेवर दीड-दोन तास हात थांबवायचा नाही. मिश्रण कडा सोडू लागलं आणि नारळाचं तेल सुटून चकाकी आली की ताटात थापा, वर वेलची, बदाम-पिस्ते. हात दुखले म्हणून आधी उतरवलात तर वड्या पडत नाहीत, चमच्यानं खावा लागतो. चव तीच असते म्हणा.

सणाला अलिबाग, रेवदंडा किंवा पनवेलच्या सिनेगॉगला जाणाऱ्यांनो, शुक्रवारी दुपारी मुंबई सोडू नका. तो चाकरमान्यांचा कोकणात उतरायचा दिवस आहे. गोवा महामार्गावर वडखळपर्यंत गाड्या मुंगीच्या चालीनं सरकतात आणि सूर्य मावळला की तुम्ही रस्त्यातच अडकलात. गुरुवारी रात्री पोचा. या गावांत मिन्यान, म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष, मुंबईहून येणाऱ्यांवरच बरंचसं अवलंबून असतं. दहावा माणूस वाटेत अडकला तर कद्दीशची प्रार्थना म्हणता येत नाही, सेफेर तोरा, म्हणजे चर्मपत्रावर लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी, काढून वाचता येत नाही.

ताश्लीखची, म्हणजे पापं झटकून टाकायची, पाण्यावरची प्रार्थनाही शनिवारऐवजी रविवारी दुपारी होईल. समुद्र, खाडी, तळं, काहीही चालतं, मासे असलेलं पाणी उत्तम. खिसे झटका, पण पाण्यात काही टाकू नका. बाजारातून वाट काढायला अर्धा तास जादा धरा, दुसऱ्या दिवशी चतुर्थी आहे. आणि चतुर्थीच्या त्याच सोमवारी पहाटेपासून चांदण्यांपर्यंत गदल्याचा उपास आहे, तो विसरायला होतं.

योम किप्पूर हा प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, जुन्या मंडळींचा दारफाळणीचा सण, म्हणजे घराची दारं बंद करून बसायचा दिवस, रविवारी २० ला संध्याकाळी लागतो आणि सोमवारी २१ ला रात्री सुटतो. नोकरदारांना शनिवार-रविवार सुटी असेल तर अख्ख्या तिश्रीत रजा टाकायची ती या एकाच दिवसाची. अर्ज आत्ताच द्या. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असू शकतो, आणि त्याच संध्याकाळी सातव्या दिवसाचं विसर्जन आहे. कोल निद्रेची प्रार्थना सूर्यास्ताआधीच सुरू व्हायला हवी आणि सूर्यास्त आहे साडेसहाच्या जरा पुढे. सहाला आपल्या जागेवर बसलेलं असायचं, असा हिशेब ठेवा.

हा उपास पंचवीस तासांचा, पाण्याचा थेंबही नाही. लोक गळून जातात ते बहुतेकदा भुकेनं नव्हे. चहाची सवय अचानक तुटते आणि दुपारी दोनच्या सुमारास डोकं ठणकायला लागतं. रोज चार कप घेत असाल तर आठवडाभर आधीपासून एकेक कमी करत आणा. शेवटचं जेवण पाचपर्यंत, त्यात लोणचं, सुकट, पापड नको. भात, वरण, कलिंगडासारखं रसदार फळ बरं. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या, गरोदरपण, नुकतं झालेलं ऑपरेशन, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना आणि हाझानसाहेबांना आधी विचारा. जिवाला धोका असेल तिथे धर्मच खायला सांगतो. इन्सुलिनचा डोस मनानं कमी-जास्त करू नका. कपडे पांढरे, पायात चामड्याचं काही नको, कॅनव्हास किंवा रबर चालेल. दुपारी योना संदेष्ट्याची गोष्ट वाचली जाते आणि नेमके तेव्हाच बाक रिकामे असतात. मग नेइला ही समारोपाची प्रार्थना, आणि शेवटी शोफारचा लांब सूर. सरबत त्यानंतर. काळ्या मनुकांचं सरबत आदल्या दिवशी करून फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर राहिलं तर सोमवारी रात्रीपर्यंत फसफसतं. दुसरा दिवस शिळा सण, गोरगरिबांना देण्याचा आणि एकमेकांकडे जाण्याचा.

आणि लगेच मांडव. सुक्का, म्हणजे सुक्कोथच्या सणात बसून जेवायचा झावळ्यांचा मांडव, उभारायला मंगळवार ते शुक्रवार एवढेच चार दिवस मिळतात, कारण सुक्कोथ शुक्रवारी २५ ला संध्याकाळी लागतो. तीच अनंत चतुर्दशी. भायखळा, नागपाडा, गिरगाव, पुण्यात लक्ष्मी रस्ता, कुठेच टेम्पो हलणार नाही. झावळ्या, बांबू, सुतळी गुरुवारी रात्रीपर्यंत आवारात येऊन पडल्या पाहिजेत. संध्याकाळच्या प्रार्थनेला येणाऱ्यांनीही दुपारीच निघावं. मिरवणुका शनिवारी सकाळपर्यंत चालतात.

मांडववाल्याला एक गोष्ट नीट समजावून सांगा: वर कापड नाही. तो सवयीनं छताला कापड मारतो आणि सगळा सुक्का बाद होतो. वरचं छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वनस्पतीचंच हवं आणि त्याच्यावर थेट आकाश. बाल्कनीचा छज्जा, आंब्याची फांदी, शेजारच्या इमारतीची पत्र्याची शेड, यांतलं काहीही डोक्यावर आलं तर ती जागा चालत नाही. आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी, आणि पाऊस आत येऊ शकेल इतकी फटही हवी. ओली झावळी पहिल्या दिवशी भरगच्च दिसते, पण तीन-चार दिवसांत पातं सुकून वळतं आणि छप्पर विरळ होतं. म्हणून दहा-बारा झावळ्या बाजूला राखून ठेवा आणि सणाच्या मधल्या दिवसांत, मंगळवार-बुधवारी, वर टाका. बाजू वाऱ्यानं फडफडता कामा नयेत. पडदे लावलेत तर खालूनही ताणून बांधा.

मुंबईतून पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरला परततो, म्हणजे सुक्कोथात तो येणार हे धरूनच चला. ताडपत्री दोरीवर गुंडाळता येईल अशी बांधा. ती पसरलेली असताना आत बसून खाल्लं तर ते सुक्कात बसणं ठरत नाही, आणि धो-धो पावसात तिथे बसून राहावं असा धर्माचा आग्रहही नाही. ताटं उचला आणि आत जा. दिव्यांच्या माळांचे जोड झाकलेले असावेत, लाइन गळती-रोधक स्विचवरून घ्या, आणि शनिवार-रविवारसाठी टायमर शुक्रवारीच लावून ठेवा. फळं टांगताना देठाला बांधा. सुईनं ओवलेला पेरू दोन दिवसांत पाझरतो आणि चिलटं सगळ्यांच्या ताटावर. टांगलेलं फळ सण संपेपर्यंत खायचं नाही, हे मुलांना आधीच सांगा.

सणात हातात धरायच्या जुडीत लागतात: लुलाव म्हणजे खजुरीचं मिटलेलं कोवळं पातं, मेंदीसारख्या मिर्टलच्या तीन काड्या, विलोच्या दोन, आणि एथ्रोग, म्हणजे आपलं महाळुंग. बाजारातलं महाळुंग बिनधास्त आणू नका. लिंबावर कलम केलेल्या झाडाचं असेल तर चालत नाही आणि नुसतं बघून ते कळत नाही. विकणाऱ्याकडून खात्री हवी. पहिला दिवस पुन्हा शब्बाथ, म्हणून ही जुडी रविवारी २७ पासून शुक्रवारी २ ऑक्टोबरपर्यंत, सहा दिवस हातात घ्यायची. सिनेगॉगची एकच जुडी शंभर हातांतून फिरली की विलोची पानं तिसऱ्या दिवशी झडतात. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि विलो जास्तीचा मागवा. २ ऑक्टोबरला होशाना रब्बा, म्हणजे सुक्कोथचा सातवा दिवस, आहे, गांधी जयंतीची सुटीही आहे. जुडी घेऊन घालायच्या सात फेऱ्यांना त्या दिवशी गर्दी व्हायला हरकत नाही.

शेजारी-मित्रांना सुक्का बघायला यायचं असेल तर जरूर या. मशीद बंदरचं १७९६ मध्ये स्थापन झालेलं शाआर हाराहामीम सिनेगॉग असो की पुण्याचं लाल देऊळ, बंदोबस्त असतोच. नाव दोन-तीन दिवस आधी कार्यालयात कळवा आणि मूळ ओळखपत्र आणा, झेरॉक्सवर सोडत नाहीत. डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल लागेल. शनिवारी आणि सणाच्या दिवशी फोटो नाहीत, फोन बंद. मधल्या दिवसांत, सोमवार ते गुरुवार, आलात तर सावकाश बघता येईल, बोलताही येईल.

शेवटी शमाशांसाठी. ४ ऑक्टोबर, रविवार, सिम्हाथ तोरा, म्हणजे तोराचं वर्षभराचं वाचन संपवून पुन्हा सुरू करायचा सण. त्या दिवशी तीन सेफेर लागतात: एकात तोराचा शेवट, दुसऱ्यात बेरेशीथ, म्हणजे तोराची सुरुवात, तिसऱ्यात सणाच्या अर्पणाचा भाग. शनिवारी शब्बाथ आणि सण दोन्ही, त्यामुळे गुंडाळी सरकवायचं काम शुक्रवारी २ तारखेला, दुपारी सेवा आटोपल्यावर करून घ्या. शेवटापासून सुरुवातीपर्यंत चर्मपत्र फिरवायला दोन माणसांना अर्धा तास सहज लागतो. घाईनं ओढलं तर शिवण उसवते. जागा लागली की पट्टा बांधा, आणि कुठलं सेफेर आधी काढायचं त्याची चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवा.