दोर धरा, गाठ नको

(दृश्य : सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीची गच्ची. कठड्याला दोर.)

कठड्याभोवती दोराचा एकच वेढा, आणि दोन्ही टोकं हातात. फ्रान्समधल्या कालव्यावर भाड्याची बोट चालवायला निघण्याआधी या सहा पुणेकरांनी सराव केला तो एवढाच : दोर ओढायचा, सैल सोडायचा, गाठ मारायची नाही.

मागे दिसतोय तो मुठा उजवा कालवा. खडकवासल्याचं पाणी पर्वती, स्वारगेट, हडपसर करत शेतांकडे जातं. कालवा उताराचा, पाणी वाहतं. आवर्तन थांबलं की तळ उघडा पडतो. त्यात बोट चालत नाही, आणि त्यासाठी तो बांधलेलाही नाही.

(दृश्य : झाडांच्या कमानीखालचं संथ पाणी.)

दक्षिण फ्रान्समधला हा कनाल द्यू मिदी मात्र बोटींसाठीच खणला. काम १६६६ मध्ये सुरू झालं, १६८१ मध्ये कालवा खुला झाला. तुलूजपासून भूमध्य समुद्राकाठच्या खाजणापर्यंत २४० किलोमीटर. तो उभारणारा प्येर-पॉल रिके मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी होता. कालवा खुला व्हायला काही महिने उरले असताना तो वारला.

रिकेचं खरं कसब पाण्यात आहे. नोरूझ हा कालव्याचा माथा, समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर. बोट चढो की उतरो, दर खेपेला माथ्यावरचं थोडं पाणी खाली जातंच. ते भरून काढायला त्यानं काळ्या डोंगरातले ओढे पाट खणून नोरूझला आणले आणि कोरड्या महिन्यांसाठी सँ-फेरेओलचं धरण बांधलं. साठा सुमारे ६३ लाख घनमीटर. पुण्याच्या मापात सांगायचं तर पाव टीएमसीहूनही कमी. खडकवासला भरलं की १.९७ टीएमसी होतं. एवढ्याशा पाण्यावर बोटी डोंगर चढतात.

(दृश्य : लॉकमध्ये शिरणारी बोट.)

चढायची पायरी म्हणजे लॉक. बोट आत घेऊन पाणी भरलं की ती वर येते, सोडलं की खाली जाते. पुढे-मागे दरवाजे असलेली दगडी कोठडी, सुमारे ३० मीटर लांब, दरवाज्यांपाशी अरुंद, मधे ११ मीटर रुंद. सुरुवातीच्या सरळ भिंती मातीच्या दाबानं ढासळल्या, म्हणून रिकेनं त्या बाहेर फुगवल्या. आडवी पाडलेली कमानच ही. माती जितकी रेटते तितके दगड एकमेकांत घट्ट बसतात.

पण बोटीची कड सरळ. फुगीर भिंतीला ती दोन्ही टोकांनी टेकते, मधे फट राहते. म्हणून फेंडर, म्हणजे धक्का झेलायला कडेला लटकवलेल्या उशा, टोकांना हवेत. ते सगळे मधे लटकवले की रंग भिंतीला लागतो.

भाड्याच्या बोटीला इथे परवाना लागत नाही. थोडा वेळ शिकवतात आणि चाक हाती देतात. वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर. बोटीला ब्रेक नसतो. रिव्हर्स टाकायचा आणि थांबायची वाट पाहायची. म्हणून लॉक दिसताच वेग कमी. दुपारी लॉकवाले जेवायला जातात, तेव्हाही काठाला थांबायचं.

वर चढताना एकाला लॉकच्या अलीकडेच काठावर उतरवा. आत गेल्यावर खुंटे डोक्याच्या वर असतात. बोटीवरच्यानं दोर वर फेकायचा, काठावरच्यानं खुंट्याला वेढा घालून टोक परत खाली द्यायचं. आधी पुढचा दोर, मग मागचा. वरच्या दरवाज्याच्या झडपा उघडल्या की पाण्याचा लोंढा थेट बोटीच्या तोंडावर येतो. पुढचा दोर ढिला असेल तर बोट आडवी होऊन शेजारच्या बोटीवर आदळते. पाणी चढेल तसा दोर ओढत राहा. तो मनगटाला गुंडाळू नका, आणि बोट व भिंत यांच्यामधे हात-पाय कधीच घालू नका.

उतरताना उलटं : दोर सोडत राहायचं. इथे गाठ मारली, तर पाणी खाली जातं आणि बोट दोरावर लटकते. वरच्या दरवाज्याच्या आत पाण्याखाली दगडी उंबरठाही असतो. मागचा भाग त्यावर टेकला की बोट तोंडावर कलंडते. त्यापासून पुढे सरकून उभं राहा.

(दृश्य : फोंसेरान, वरून.)

बेझियेजवळचा हा फोंसेरानचा जिना. एकाला एक जोडलेल्या आठ कोठड्या, २१.५ मीटरचा उतार. दोर धरायची परीक्षा इथे.

(दृश्य : कापलेले बुंधे, एकामागून एक.)

काठावर चिनाराच्या जातीची ४२ हजार झाडं होती. २००६ मध्ये बुरशीचा रोग सापडला. तेव्हापासून हजारो तोडली. बुरशी पाण्यातून पसरते, मुळांतून पसरते, आणि दोर घासून साल सोलली तर तिथूनही शिरते.

(दृश्य : संध्याकाळ. हातोडा, लोखंडी मेखा.)

मुक्कामाला दोर झाडाला बांधायचा नाही. दोन मेखा, एक बोटीच्या पुढे, एक मागे. डोकं पाण्यापासून लांब कलतं ठेवून ठोका. पायवाटेवर दोर आडवा येऊ देऊ नका, सायकलवाले अडखळतात. शेजारून बोट गेली की मेखा हलतात. झोपण्याआधी एकदा पाहून घ्या.