एक गडी मुद्दाम मोकळा

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकन फुटबॉलच्या नावात पाय असला, तरी खेळ मुख्यतः हातातल्या लांबट चेंडूचा आणि धडकाधडकीचा. बॉब लॅडुसूर कॉलेजात हा खेळ खेळले आणि 1979 मध्ये कॅलिफोर्नियातल्या काँकर्ड इथल्या ‘डी ला साल’ हायस्कूलचे प्रशिक्षक झाले. तिथेच ते धर्मशिक्षणाचे तासही घेत.

कॉलेजात खेळाडू पारखून घेतात. शाळेत जी मुलं येतील त्यांच्यावर भागवायचं, आणि लॅडुसूरांची पुढच्या फळीतली मुलं बरेचदा समोरच्यांपेक्षा अंगानं लहान असत. म्हणून त्यांनी ‘व्हिअर’ ही चाल धरली. हिच्यात समोरचा एक गडी कुणी अडवतच नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा खेळाडू, तो चेंडू आपल्याच धावणाऱ्या साथीदाराच्या पोटाशी धरतो, पण नजर ठेवतो त्या मोकळ्या गड्यावर. तो धावणाऱ्यावर झेपावला, तर चेंडू काढून घ्यायचा. थबकला, तर चेंडू धावणाऱ्याकडेच राहू द्यायचा. पुढे कडेचा दुसरा गडी क्वार्टरबॅकच्या अंगावर आला, की बाजूनं धावणाऱ्या साथीदाराकडे चेंडू फेकायचा.

घोळ होतो तो पोटाशी. धावणाऱ्यानं चेंडू घाईनं आवळला, तर दोघंही ओढतात आणि चेंडू जमिनीवर! त्यानं आतल्या हाताचं कोपर वर ठेवून नुसती झोळी करायची, ठरवणारा क्वार्टरबॅक. दुसरी चूक त्याचीच: गड्याऐवजी चेंडूकडे बघणं. फळीतल्या मुलांचं पहिलं पाऊल सहाएक इंचांचंच हवं. लांब टाकलं की अंग ताठ उभं होतं, आणि उभ्या पोराला लोळवणं सोपं. हे पाऊल घोटून घ्यायचं म्हणजे कंटाळवाणं काम. कॉलेजात खेळून नाव कमावलेल्या प्रशिक्षकाचा धीर नेमका इथेच सुटू शकतो.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मुलं हातातलं कार्ड वाचत. व्यायामात, सरावात आणि सामन्यात नेमकं काय करणार, हे त्यावर स्वतः लिहायचं, सगळ्यांसमोर वाचायचं आणि जोडीदाराच्या हाती द्यायचं. ‘जीव तोडून खेळेन’ असल्या वाक्याचा उपयोग शून्य. मोजता येईल असंच हवं.

1992 ते 2003 या संघानं सलग 151 सामने जिंकले. 2004 च्या पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूनं त्यांना 39-20 नं हरवलं. गंमत बघा, बेलव्ह्यूचा भरही लांब फेकींवर नव्हता. तेही चेंडू घेऊन धावणारेच.