बाळंतपणानंतर पोटातली फट

श्रोतेहो, नमस्कार. बाळंतपणानंतर पोट पुढे आलेलं दिसलं की एक सल्ला हमखास मिळतो: "सिट-अप्स सुरू कर, जाईल आत." सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ज्या बाईच्या पोटाचे स्नायू मधोमध विलग झालेत तिला सुरुवातीलाच हे सांगणं म्हणजे शेवटच्या इयत्तेचा पेपर पहिलीत देणं.

पोटावर बरगड्यांपासून थेट ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात. त्यांना जोडणारी मधली पट्टी गरोदरपणात ताणली जाते आणि स्नायू दोन बाजूंना सरकतात. डॉक्टरांच्या भाषेत डायस्टॅसिस रेक्टाय. यात काही फाटत नाही आणि ही कुणाची चूकही नाही. नॉर्वेमध्ये 300 पहिलटकरणींची पाहणी झाली, ती 2016 साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी दर दहांपैकी सहाजणींना ही फट होती. वर्षाने साधारण तिघींपैकी एकीला. म्हणजे बऱ्याच जणींची आपोआप भरते, सगळ्यांची नाही.

तुमची आहे का, हे घरीच पाहता येतं. उताणं झोपा, गुडघे वाकवा. बोटांची टोकं बेंबीच्या किंचित वर, अगदी मधोमध टेकवा आणि फक्त डोकं आणि खांदे जरासे उचला. दोन्हीकडून स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मध्ये किती बोटं मावतात? मग बेंबीच्या खालीही पाहा. आठ आठवड्यांनंतरही दोन बोटं किंवा जास्त मावत असतील, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावं. माझ्या मते रुंदीपेक्षा महत्त्वाचं आहे ते बोटांखाली काय लागतं ते: ताठ पडदा, की बोटं खोल रुतणारा मऊ खळगा?

आता व्यायाम. पोटाच्या सर्वात आत एक आडवा स्नायू कमरेभोवती गुंडाळलेला असतो. जागं करायचंय ते आधी त्याला. त्याच उताण्या स्थितीत एक हात बेंबीखाली ठेवा. नाकाने श्वास घ्या, बरगड्या आणि पोट फुगू द्या. तोंडाने सावकाश श्वास सोडताना, लघवी अडवून धरतो तसं खालून वर आवळा आणि ओटीपोट हलकेच आत घ्या. हाताखाली किंचित घट्टपणा जाणवेल, बस्स. पाठ जमिनीवर दाबायची नाही, ढुंगण आवळायचं नाही, श्वास तर मुळीच कोंडायचा नाही. मग सैल सोडा. आठ-दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. फार सोपं वाटतंय ना? सोपं वाटतं म्हणूनच बायका ते अर्ध्यात सोडतात.

हे जमलं की श्वास सोडता सोडता एक टाच जमिनीवरून लांब सरकवा, परत आणा, मग दुसरी. पुढे 'पूल', म्हणजे गुडघे वाकवलेले ठेवून कंबर जमिनीवरून उचलायची. प्रत्येक वेळी नजर पोटावर ठेवा. मधोमध उभा उंचवटा, छपराच्या धारेसारखा, वर आला तर तो व्यायाम सध्या तुमच्यासाठी जड आहे. एक पायरी मागे या. प्लँक (कोपरं आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरणं) आणि सिट-अप्सनाही हाच नियम. ते कायमचे वर्ज्य नाहीत, त्यांची वेळ नंतर येते.

दिवसभरातलं वागणंही यातच आलं. अंथरुणातून सरळ झटक्यात उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हातांनी रेटा देत उठा. बाळाला उचलताना श्वास सोडा. शौचाला कुंथावं लागत असेल तर आधी बद्धकोष्ठतेवर उपाय करा. पोटाला बांधायच्या पट्ट्याने आधार वाटतो, वापरायला हरकत नाही, पण स्नायूचं काम पट्टा करत नाही.

सिझेरियन झालेल्यांनी व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बेंबीपाशी दुखरी, आत न जाणारी गाठ लागली, सोबत उलट्या होत असतील, तर व्यायाम राहू द्या आणि लगेच दवाखाना गाठा. तो हर्निया असू शकतो. आणि शिंकताना, खोकताना लघवी होत असेल तर फिजिओथेरपिस्टला तेही न लाजता सांगा. उपचार त्यावरही आहेत, आणि सुरुवात बरीचशी याच श्वासापासून होते. नमस्कार.