लाटेकमधली कमांड कंसाबाहेर पडली की हरवते कुठे?

नमस्कार! कमांड लिहिली, स्पेलिंग बरोबर, तरी लाटेक, म्हणजे कमांड लिहून दस्तऐवज तयार करायचं सॉफ्टवेअर, म्हणतंय, 'अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स', म्हणजे ही कमांड मला माहीतच नाही. प्रबंध लिहिताना या एररने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली होती. कमांड मी टेबलच्या एका सेलमध्ये तयार केली आणि वापरली शेजारच्या सेलमध्ये. टेबलचा प्रत्येक सेल हा वेगळा ग्रुप, म्हणजे आतले बदल सहसा आतच राहतात असा भाग असतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

(स्क्रीनवर कोड)

हे बघा. बॅकस्लॅश टेम्पचा अर्थ ठेवलाय २५. आता महिरपी कंस उघडला आणि रिन्यूकमांडने तो ४० केला. कंसात टेम्प छापलं तर ४० येतं. कंस बंद केला, पुन्हा छापलं, तर आलं २५. कंसात शिरल्यावर अर्थ बदलला, की टेक, म्हणजे लाटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्रॅम, जुना अर्थ सेव्ह स्टॅकवर (जुने अर्थ जपून ठेवायच्या जागी) ठेवून देतं आणि ग्रुप संपताच परत लावतं. आधी काही अर्थच नसेल, तर कमांड पुन्हा अनडिफाइन्ड होते. माझ्या टेबलात नेमकं हेच झालं.

बिगिन आणि एंडच्या मधला भाग, म्हणजे एन्व्हायर्नमेंट, हाही ग्रुपच असतो. पण कमांडला आर्ग्युमेंट देताना लावतो ते कंस ग्रुप करत नाहीत; आर्ग्युमेंट कुठे सुरू होतं, कुठे संपतं, एवढंच ते दाखवतात.

अर्थ बाहेरही टिकायला हवा असेल, तर जीडेफ ही कमांड आहे. पण ते नाव आधी वापरलंय का, हे जीडेफ तपासत नाही. आधीची कमांड गुपचूप पुसून टाकतं. नवी कमांड तयार करणाऱ्या न्यूकमांडच्या आधी ग्लोबल, म्हणजे 'बदल ग्रुपबाहेरही टिकव' असं सांगणारा शब्द, लावून काम होत नाही. म्हणून माझं ऐका, कमांड प्रिअँबलमध्येच, म्हणजे बिगिन डॉक्युमेंटच्या आधी, लिहा.

आता गंमत बघा. लाटेकचे काउंटर, म्हणजे समीकरणं-आकृत्यांचे नंबर मोजणारे आकडे, ग्लोबल असतात. नसते, तर इक्वेशन एन्व्हायर्नमेंट संपताच आकडा मागे गेला असता आणि प्रत्येक समीकरणाला १ हाच नंबर मिळाला असता. लेबलला मिळणारा आकडा मात्र लोकल, म्हणजे ग्रुपपुरताच असतो! आकृतीत सेंटर एन्व्हायर्नमेंट घातलं, त्यात कॅप्शन दिलं आणि लेबल सेंटर संपल्यावर लिहिलं, तर कॅप्शनवर 'आकृती ३' बरोबर छापलं जातं, पण मजकुरातला रेफ, म्हणजे लेबलचा आकडा आणून देणारी कमांड, सेक्शनचा नंबर दाखवतो. एररही येत नाही. त्यामुळे लेबल कॅप्शनच्या लगेच खाली, त्याच ग्रुपमध्ये लिहा. आणि सेंटरऐवजी सेंटरिंग वापरलंत, तर हा आतला ग्रुप तयारच होत नाही.