फोल्डर उडवण्याआधी

आयोजकांनी विषय दिलाय ‘कमांड लाइनवरून गिट: कमिटपासून मर्जपर्यंत’. गिट म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन; कमिट म्हणजे त्यातली एक नोंद, मर्ज म्हणजे कामाच्या दोन वाटा एकत्र करणं. मर्ज शेवटी येईलच, पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या.

टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, गिटने चार ओळींची कुरकुर केली की माणसं काय करतात? आपल्या फाइली डेस्कटॉपवर काढून ठेवतात, अख्खं फोल्डर उडवतात, नव्याने क्लोन करतात, म्हणजे सर्व्हरवरची प्रत पुन्हा उतरवतात, आणि फाइली परत आणून चिकटवतात. हात वर करू नका, चेहऱ्यांवरून कळतंय. (हशा)

मी काम केलेल्या एका टीममध्ये हा उपाय नव्या माणसाला रीतसर शिकवला जायचा. तिथल्या एका मुलीने भलत्याच ठिकाणी ‘गिट रीसेट डॅश-डॅश-हार्ड’ मारलं. ‘गिट लॉग’मध्ये, म्हणजे कमिटांच्या यादीत, बघते तर तिचा कमिट गायब. पुश केलेला, म्हणजे सर्व्हरवर पाठवलेला, नव्हता. शेजारच्या ज्येष्ठांनी सल्ला दिला, ‘उडव आणि क्लोन कर.’ तिने उडवलं. आणि कमिट खरा गेला तो तेव्हा! तोपर्यंत तो आतल्या डॉट-गिट फोल्डरमध्ये, जिथे गिट सगळा इतिहास ठेवतं, सुखरूप होता. रीसेटने ब्रँचचं, म्हणजे कामाच्या त्या वाटेच्या नावाचं, बोट फक्त मागच्या कमिटकडे वळवलं होतं. ‘गिट रिफ्लॉग’ विचारलं असतं तर हेड, म्हणजे तुम्ही सध्या ज्या कमिटवर आहात ती खूण, कुठून कुठे गेलं याची सगळी नोंद समोर आली असती. त्यातला हॅश, म्हणजे कमिटचा ओळख-क्रमांक, उचलायचा आणि त्यावर नवी ब्रँच काढायची, संपलं. सेटिंग बदललेलं नसेल तर अशा सुटलेल्या कमिटची नोंद निदान ३० दिवस राहते. आधीपासून गिटमध्ये असलेल्या फाइलींतले जे बदल कमिटही केले नाहीत आणि ‘गिट ॲड’ने पुढच्या कमिटसाठी मांडलेही नाहीत, ते मात्र हार्ड रीसेटनंतर विसरा. तिथे रिफ्लॉगही हात वर करतो.

त्या ज्येष्ठांचा मला अजून राग आहे. असो.

म्हणून माझा हट्ट की सुरुवात टर्मिनलवरच करा. ॲपमधलं बटण दाबलं की काम होतं, पण काय झालं ते कळत नाही. ‘गिट स्टेटस’ बोलतं. कुठल्या फाइली बदलल्या, कुठल्या पुढच्या कमिटसाठी मांडल्या, आणि मांडलेली मागे घ्यायची तर कुठली कमांड, हेसुद्धा तेच छापतं. लोक तेवढंच वाचत नाहीत. (हशा) पूर्वी एकटं ‘चेकआउट’ ब्रँचही बदलायचं आणि फाइलीतले बदलही पुसायचं; माणसं घाबरायची ते बरोबरच होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये २.२३ आवृत्तीत ‘स्विच’ आणि ‘रिस्टोर’ वेगळे झाले. आता तीही सबब नाही.

आणि गिट जन्मलं तेच कमांड लाइनवाल्यांसाठी. २००५ मध्ये लिनक्स कर्नलवाल्यांची बिटकीपर हे असंच साधन फुकट वापरायची सोय गेली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सनी एप्रिलमध्ये हे लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्ये ठेवला. जुलैपासून धुरा जुनिओ हमानो यांच्याकडे. त्यांच्यावर बोलायला मला फार आवडेल, पण समोरून चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं.

तर भराभर. ‘गिट ॲड’ने बदल इंडेक्समध्ये, म्हणजे पुढच्या कमिटच्या मांडणीत, जातात, ‘गिट कमिट’ने इंडेक्सचं पूर्ण चित्र साठतं. लक्षात घ्या, कमिट म्हणजे नुसता फरक नव्हे, सगळ्या फाइलींची त्या क्षणाची स्थिती. फरक ‘गिट डिफ’ तुम्ही विचारल्यावर काढून दाखवतं. ॲडनंतर डिफ रिकामं दिसलं तर दचकू नका, ‘डॅश-डॅश-स्टेज्ड’ जोडा.

ब्रँच म्हणजे एका कमिटचं नाव. नुकत्याच काढलेल्या ब्रँचची फाइल डॉट-गिटमध्ये उघडा: ४० अक्षरांचा हॅश आणि ओळ संपल्याची खूण, ४१ बाइट. म्हणून ब्रँच काढताना कंजुषी नको.

मर्ज: तुमची ब्रँच पुढे सरकलेलीच नसेल तर गिट फक्त नाव पुढे नेतं. दोन्ही बाजू सरकल्या असतील तर दोन पालक, म्हणजे आधीचे दोन कमिट, असलेला कमिट बनतो. एकाच ओळीवर भांडण झालं तर फाइलीत खुणा पडतात; त्या सोडवा, ॲड करा, कमिट करा. नाही जमलं तर ‘गिट मर्ज डॅश-डॅश-अबॉर्ट’. हेही स्टेटस सांगतंच.

रीबेस, म्हणजे आपले कमिट दुसऱ्या कमिटवर नव्याने रचणं, राहिलं. तूर्तास पुश न केलेल्या कमिटांवरच करा. हं, मागून कोणीतरी हात वर केलाय, विचारा.