हिऱ्याची पारख आणि गायकवाडांचा एक खडा

श्रोतेहो, नमस्कार. लग्नसराई तोंडावर आली की घरोघरी दागिन्यांचे बोलणे सुरू होते, आणि सोन्याविषयी ठामपणे मत देणारी मंडळी हिऱ्याचा विषय निघताच सावध होतात. ते स्वाभाविकही आहे. सोन्याचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो, हिऱ्याचा येत नाही. आणि एकाच वजनाच्या दोन हिऱ्यांच्या किमतींत दुपटीचे अंतर का पडले, हे दुकानाच्या झगमगाटात बसून समजत नाही.

हिऱ्याची किंमत चार गोष्टींवर ठरते: वजन, रंग, स्वच्छता आणि पैलूंची घडण, म्हणजेच कट. वजन कॅरटमध्ये मोजतात. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. रंगाची प्रतवारी डी या अक्षरापासून झेडपर्यंत जाते. डी म्हणजे पूर्ण रंगहीन, आणि पुढे पिवळसर झाक वाढत जाते. स्वच्छता दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहतात, आणि आतले ठिपके व रेघा किती व कुठे आहेत त्यावरून उतरत्या क्रमाने व्हीव्हीएस (अतिसूक्ष्म दोष), व्हीएस (सूक्ष्म दोष), एसआय (किंचित दोष) अशा पायऱ्या ठरवतात; त्यांतही १ हा आकडा वरचा आणि २ खालचा. रंग आणि स्वच्छता खाणीतूनच येतात, घडण मात्र कारागिराच्या हातची असते. माझे सांगणे एवढेच आहे की घडणीत तडजोड करू नये, आणि काटकसर करायची ती बाकीच्या तिन्ही गोष्टींत करावी.

या म्हणण्याला आपल्या वडोदऱ्याच्याच इतिहासात एक भक्कम आधार आहे. ती गोष्ट सांगायला मला फार आवडते, तेव्हा श्रोत्यांनी थोडा धीर धरावा.

१८५३ साली ब्राझीलमधील बागाजेम येथे हिऱ्याच्या खाणीत राबणाऱ्या एका गुलाम स्त्रीला मोठा खडा सापडला. त्याचे वजन २६१.८८ कॅरट भरले, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने जवळजवळ साडेचार तोळे. त्या स्त्रीला बक्षीस म्हणून स्वातंत्र्य आणि आयुष्यभराचे वेतन मिळाले असे सांगतात. मालकाने मात्र घाईने खडा विकून टाकला, आणि त्याचे खरे मोल पुढच्या हातांनी वसूल केले. त्या खड्याचे नाव ‘दक्षिणेचा तारा’ असे पडले, आणि पुढे त्या गावालाही हेच नाव मिळाले.

हा खडा पैलू पाडण्यासाठी ॲमस्टरडॅम येथील कोस्टर यांच्या कारखान्यात गेला. थोड्याच काळापूर्वी, १८५२ मध्ये, याच कारखान्याच्या कारागिरांनी लंडनमध्ये कोहिनूर नव्याने घडवला होता आणि तो १८६ कॅरटांवरून सुमारे १०५ कॅरटांवर आला होता. दक्षिणेच्या ताऱ्याच्या वाट्यालाही तेच आले. चाकावरून उतरला तेव्हा त्याचे वजन १२८.४८ कॅरट होते. श्रोतेहो, हा आकडा पुन्हा ऐका: २६१ कॅरटांतून १२८ कॅरट. निम्म्याहून अधिक हिरा जाणूनबुजून घासून टाकला गेला, आणि त्या कारागिराला कोणी दोष दिला नाही.

कारण हिऱ्याचे तेज त्याच्या घडणीत असते. वरून आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटून परत डोळ्याकडे यावा लागतो. खड्याचा तळ फार खोल ठेवला किंवा फार उथळ ठेवला, तर प्रकाश खालून किंवा बाजूने निसटतो आणि खडा मधोमध काळवंडलेला दिसतो. वजन वाचवण्याच्या लोभाने तळ जाड ठेवलेले हिरे आजही बाजारात येतात; त्यांचे कॅरट आपण मोजून देतो, पण ते कॅरट कोंदणाखाली दडून राहतात आणि वरून खडा लहानच दिसतो.

१८६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात हा हिरा लोकांनी पाहिला. पुढे तो हिंदुस्थानात आला तेव्हा एका राजाने १,१०,००० पौंड देऊ केले आणि विकणाऱ्यांनी ते नाकारले, अशी कथा आहे. अखेर ८०,००० पौंडांना तो बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी घेतला. मदिनेला अर्पण करण्यासाठी मोत्यांची चादर करवून घेणारे हेच ते खंडेराव महाराज. पुढे ‘इंग्लिश ड्रेसडेन’ नावाच्या दुसऱ्या मोठ्या हिऱ्यासह हा खडा राजघराण्याच्या हारात बसवला गेला, आणि १९४८ च्या एका छायाचित्रात महाराणी सीतादेवींच्या गळ्यात तो हार दिसतो. (आपल्या शहरात खंडेराव मार्केटात भाजी घेणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? शाळेच्या पुस्तकात कोहिनूर असतो, घरचा हिरा नसतो.)

आता या गोष्टीतला माझा आवडता भाग. २००२ मध्ये या हिऱ्याच्या शास्त्रीय तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात त्याचा रंग हलका गुलाबीसर तपकिरी ठरला, आणि स्वच्छतेची पायरी व्हीएस-२. गुलाबी झाक मोलाची असते हे खरे, पण स्वच्छतेचे काय? ज्यांच्या तिजोरीला तळ नव्हता त्यांचा हा हिराही भिंगाखाली निर्दोष नव्हता, आणि तुमचा-आमचा सराफ मात्र अर्ध्या कॅरटच्या अंगठीसाठी व्हीव्हीएसच घ्या म्हणून आग्रह धरतो.

तेव्हा व्यवहाराकडे वळू. वजनात काटकसर करायची तर पूर्णांकाच्या किंचित खाली थांबावे. ०.९० कॅरटचा गोल हिरा साधारण ६.२ मिलिमीटर रुंद असतो आणि एक कॅरटचा ६.५ मिलिमीटर, बोटावर हा फरक दिसत नाही, पण एक कॅरटचा आकडा गाठताच कॅरटमागचा दरच वाढतो. रंगाचे पाहावे, तर पिवळ्या सोन्यात ‘आय’ किंवा ‘जे’ रंगाचा हिरा शोभून दिसतो. पांढऱ्या सोन्यात ‘जी’ किंवा ‘एच’ घ्यावा. स्वच्छतेत व्हीएस-२ किंवा चांगला एसआय-१ पुरेसा आहे, फक्त काळा ठिपका वरच्या सपाट पैलूच्या मधोमध नसावा. गोल हिऱ्याचा कट मात्र प्रमाणपत्रावर एक्सलंट असावा, फार तर व्हेरी गुड. आणि खडा दुकानाच्या दिव्यांखाली पाहून ठरवू नये, कारण त्या दिव्यांखाली काचही चमकते. तो दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहावा. तीन रात्री उशाखाली ठेवून हिरा लाभतो का ते पाहणारी मंडळी अजून आहेत. त्यांनी तसे जरूर करावे, पण त्याआधी दाराशीही न्यावा.

मोठा खडा परवडत नसेल तर आपल्या कुडीचा विचार करावा. सात खड्यांच्या कुडीच्या जोडात पाच-पाच सेंटचे चौदा हिरे बसवले तर ७० सेंट भरतात, आणि त्यांची किंमत ७० सेंटच्या एकाच हिऱ्यापेक्षा खूपच कमी असते. मात्र चौदाही खडे रंगाने एकसारखे हवेत. एखादा पिवळसर पडला तर तो लगेच उघडा पडतो. आजकाल एकच खडा मिरवण्याची जी हौस आली आहे, तिच्यापुढे मला आजीच्या कुड्या अधिक शहाण्या वाटतात.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा खराच हिरा असतो आणि बराच स्वस्त मिळतो. तो हौसेसाठी खुशाल घ्यावा, पण पुढे मोडून पैसे येतील या हिशेबाने घेऊ नये. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून मोठ्या खड्याला जीआयए किंवा आयजीआय यांसारख्या हिरे तपासणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र मागावे, आणि खड्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असेल तर भिंगातून तो प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. दागिन्यावरचा सहा अक्षरांचा हॉलमार्क फक्त सोन्याची हमी देतो, हिऱ्याविषयी तो काहीही सांगत नाही.

शेवटी पावती. सोन्याचे निव्वळ वजन आणि हिऱ्यांचे कॅरट त्यावर वेगवेगळे लिहून घ्यावेत. पाच कॅरट हिरे म्हणजे पूर्ण एक ग्रॅम वजन, आणि हार काट्यावर हिऱ्यांसकट ठेवून सगळ्याच वजनाला सोन्याचा भाव लावला, तर त्या ग्रॅमचे पैसे आपण दोनदा देतो. घडणावळ टक्केवारीने लावत असतील, तर त्यावर ती निराळी. नमस्कार.