चार बदकं, रोज नवी जागा

(दृश्य : सकाळ. दवाने भिजलेलं गवत. चार चोची.)

कोंबडी पायांनी उकरते. बदक तसं करत नाही. ते चोच जमिनीत खुपसतं, काढतं, पुन्हा खुपसतं. गोगलगाय, अळी, गांडूळ, जे सापडेल ते टिपतं. ओली माती मिळाली की चोचीच्या भोकांनी जमिनीची नुसती चाळण होते.

(दृश्य : जमिनीत रोवलेला जुना पिंजरा.)

हा पिंजरा कायम एकाच जागी राहिला. आत गवताची एक काडी उरलेली नाही. चिखल आणि विष्ठा यांत दिवसरात्र उभं राहून पक्ष्याच्या तळपायाला सूज येते, पुढे गाठ होते.

म्हणून पिंजरा हलता हवा. आणि त्याचा आराखडा पाण्यापासून सुरू करायचा.

(दृश्य : घमेलं. बदक डोकं बुडवून झटकतं. थोडा विराम.)

असं डोकं बुडवूनच बदक नाकपुड्या आणि डोळे स्वच्छ ठेवतं. उथळ ताटली त्याला पुरत नाही. कोरडं खाद्यसुद्धा ते पाण्याच्या घोटाबरोबरच गिळतं, त्यामुळे खाद्य आणि पाणी लांब ठेवून चालत नाही. पण जिथं घमेलं, तिथं चिखल, हेही ठरलेलं. ते पिंजऱ्याच्या कडेला, दाराजवळ ठेवा. हात घालून ओढता आलं पाहिजे, पाणी बाहेर झाडाच्या मुळाशी ओतता आलं पाहिजे.

(दृश्य : वहीचं पान, पेन्सिल, मोजपट्टी.)

आता माप. लांबी ८ फूट, रुंदी ६ फूट. झाले ४८ चौरस फूट, म्हणजे चार बदकांना प्रत्येकी १२. पिंजरा रोज सरकवायचा आणि तीन आठवडे जुन्या जागेवर परतायचं नाही, असं ठरवलं तर २१ जागा लागतात. ४८ गुणिले २१, हजार चौरस फुटांच्या थोडं वर. तेवढं अंगण नसेल तर बदकं कमी करा, गवताची विश्रांती कमी करू नका.

उंची अडीच फूट बास. अंगणातली बहुतेक बदकं दांडीवर चढून बसत नाहीत. ठेंगण्या पिंजऱ्यात वाराही कमी भरतो. फक्त छपराचा अर्धा भाग झाकणासारखा उघडू द्या, नाहीतर कोपऱ्यातलं अंडं काढायला आडवं पडावं लागतं.

(दृश्य : चौकट जोडताना. बिजागरी, स्क्रू, जाळी.)

चौकट एका माणसाला उचलेल एवढीच जड हवी. मागे दोन चाकं, पुढे दोरी. पीव्हीसी पाइप हलका, पण वाऱ्याने उलटतो, त्याला चारही कोपऱ्यांवर खुंट्या लागतातच. लाकूड बसतं घट्ट, ओढताना दम काढतं.

खाली तळ नको, पाय मातीवरच राहू देत. बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी बदकाला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खालून उकरणाऱ्यासाठी फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरवा. ती बिजागरीवर असली की सरकवताना वर घेता येते. एका टोकाला सावलीपुरती ताडपत्री.

रात्री बदकं कडी लागणाऱ्या पक्क्या घरात.

(दृश्य : पिंजरा सरकतो. जवळून : चौकटीची कड आणि पिवळे पाय.)

हे सावकाश करायचं. चाकांवर चौकट बोटभरच उचलायची, जास्त उचलली की त्या फटीत पाय सापडतो. हातभर ओढा, थांबा, बदकांना चालू द्या. दोन-चार दिवसांत ती आपणहून पुढच्या जाळीपाशी येऊन उभी राहतात.

(दृश्य : मागे दबलेल्या गवताचा चौकोन, पुढे हिरवं गवत.)

खुंट्या ठोकून व्हायच्या आत चोची मातीत गेलेल्या असतात.